फुली-गोळा तक्त्याचे नियम कसे बदलत गेले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माजघरात दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण शेअरचे तक्ते घेऊन बसतो. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी नव्वदच्या दशकात हा परिपाठ सुरू केला. नवीन माणूस आला की पहिल्या रविवारी विचारतो, "नियम काय?" जुन्या वह्या चाळून झाल्या की चौथ्या रविवारी विचारतो, "हा नियम आधी वेगळा होता, तो का बदलला?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत आहे. दुसऱ्याचं सहसा कुणी लिहून ठेवत नाही, आणि पद्धत खरी कळते ती तिथेच असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही प्रश्नोत्तरं.

फुली-गोळा तक्ता म्हणजे नेमकं काय?

याचं रूढ नाव 'पॉइंट अँड फिगर'. चौकटीच्या कागदावर भाव वर चालला की फुली, खाली चालला की गोळा. शाळेत बाकावर खेळायचो त्या फुली-गोळ्यासारखं दिसतं म्हणून आम्ही तेच नाव ठेवलं. यात वेळेचा अक्ष नसतो. भाव हलला तर खूण करायची, नाही हलला तर महिनाभर कागद कोरा राहिला तरी चालतो.

एक घर, म्हणजे कागदावरची एक चौकट, ५ रुपयांचं धरा. भाव २०० वरून २२५ वर गेला: २०५, २१०, २१५, २२०, २२५ अशा पाच फुल्या एकाच रकान्यात एकावर एक. आता भाव २१५ पर्यंत उतरला तर काहीच करायचं नाही. २१० ला आला, म्हणजे पूर्ण तीन घरं उतरला, तर शेजारच्या रकान्यात एक घर खालून सुरुवात करून २२०, २१५, २१० असे तीन गोळे. ही झाली 'पलटी'. त्यानंतर भाव पुन्हा फिरला आणि २३० ला फुली पडली, तर आधीच्या फुल्यांच्या रकान्याचं टोक ओलांडलं गेलं. हा खरेदीचा सगळ्यात साधा इशारा. उलट बाजूने विक्रीचा.

महिना बदलला की त्या महिन्याची पहिली खूण करताना फुली-गोळ्याऐवजी महिन्याचा आकडा लिहायचा. अमेरिकेत ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ए, बी, सी लिहितात, कारण घरात दोन अंक मावत नाहीत. काकांनी 'ऑ', 'नो', 'डि' केलं. आमच्या गटाने केलेला हा पहिला नियमबदल, आणि त्यावर आजवर एकदाही वाद झालेला नाही.

हे नियम मुळात कोणी घालून दिले?

एका माणसाने नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारातले लोक भावांचे आकडेच रकान्यात लिहीत. १९०१ मध्ये चार्ल्स डाऊ (डाऊ जोन्स सरासरी ज्यांच्या नावाची ते) यांनी या 'वहीच्या पद्धती'चा उल्लेख केला आहे. आकड्यांच्या जागी खुणा पुढे आल्या. १९३३ मध्ये व्हिक्टर डीव्हिलिअर्स यांच्या पुस्तकाने 'पॉइंट अँड फिगर' हे नाव पक्कं केलं. १९४७ च्या सुमारास ए. डब्ल्यू. कोहेन यांनी तीन घरांची पलटी रुळवली, आणि आज बहुतेक लोक शिकतात ती याच वळणाची पद्धत. म्हणजे 'मूळ नियम' म्हणून आपण ज्यांना हात जोडतो, तेच मुळात अर्धशतकभर वापर झाल्यावर केलेली दुरुस्ती आहेत.

तीनच घरं का? एक किंवा पाच का नाहीत?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर आकड्यात नसून वर्तमानपत्रात आहे.

जुन्या पद्धतीत पलटी एका घराची होती. ती नीट काढायची तर दिवसभरातला प्रत्येक सौदा डोळ्यांखालून जायला हवा: भाव ५१ झाला, परत ५०, परत ५१. सौद्यागणिक भाव छापत जाणाऱ्या टेपसमोर बसलेल्या दलालाला ते जमायचं. घरी बसलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी पेपर यायचा आणि त्यात दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव, एवढंच. मधली चढउतार दिसत नसेल तर एका घराची पलटी मांडणार कशी? घरांची संख्या तीन केली की बारीक हेलकावे आपोआप गळतात आणि पेपरातल्या आकड्यांवर तक्ता उभा राहतो.

पण अडचण एक उरतेच. उच्चांक आधी झाला की नीचांक, हे पेपर सांगत नाही. म्हणून नियम आला: रकाना फुल्यांचा चालू असेल तर आधी उच्चांक बघा. त्याने एक जरी नवी फुली पडली तरी ती लिहा आणि त्या दिवशीचा नीचांक सोडून द्या. फुली पडत नसेल तरच नीचांकाने तीन घरांची पलटी होते का ते बघा. गोळ्यांच्या रकान्यात याच्या उलट. चालू दिशेला पहिला मान, हे तत्त्व म्हणून ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात हाताशी नसलेली माहिती भरून काढायची ती एक प्रामाणिक तोड आहे.

आमच्या काकांनी १९९५ पासून अशीच वही ठेवली. सकाळी गुजराती पेपरचं भावपान पसरायचं, पट्टी ठेवून शेअरची ओळ धरायची, आणि पेन्सिलीने खूण. ते पान आम्ही पाहिलं आहे: बोटाने झिजलेली घडी, आणि ज्या शेअरांच्या ओळीखाली त्यांनी नखाने रेघ ओढली ते सात-आठ.

मग तुम्ही उच्चांक-नीचांक सोडून बंद भाव का धरायला लागलात?

५ ऑक्टोबर २०१२ मुळे. त्या सकाळी चुकीच्या मोठ्या विक्रीच्या ऑर्डरींमुळे एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारावर) त्याचा मुख्य निर्देशांक निफ्टी काही क्षणांत ४८८८ पर्यंत कोसळला, सौदे काही मिनिटं थांबवावे लागले, आणि दिवस संपताना निर्देशांक परत ५७०० च्या वर होता. पण दिवसाचा नीचांक म्हणून ४८८८ कायमचा नोंदला गेला. ५० अंकांच्या घराने मोजलं तर ५८०० च्या खाली ४९०० पर्यंत अठरा गोळे. आमच्या वहीत ते अठरा गोळे आजही आहेत: अख्ख्या पानात सगळ्यात लांब रकाना, आणि ज्याच्यामागे कुणाचंही मत नाही असा.

काका म्हणाले, लिही, नियम आहे. मावशी (गटातल्या सगळ्यात कडक परीक्षक त्याच) म्हणाल्या, तक्ता जर खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या मनाची नोंद असेल, तर हे कुणाच्या मनात होतं? दोघांचंही बरोबर होतं. म्हणून त्या दिवशीचे गोळे नियमाप्रमाणे लिहिले, आणि पुढचे तीन महिने दोन तक्ते शेजारी-शेजारी ठेवले: एक उच्चांक-नीचांकाचा, एक फक्त बंद भावाचा. जानेवारी २०१३ पासून बंद भावावर आलो.

यात काहीच गमावलं नाही असं नाही. भाव दिवसात पातळी तोडून संध्याकाळी परत आला तर आमच्या तक्त्यावर त्याचा मागमूस राहत नाही, आणि ज्याचा स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) दुपारी लागला त्याला तक्ता बघून दिलासा मिळत नाही. नियम बदलताना हा तोटाही त्याच पानावर लिहिला आहे.

बंद भाव म्हणजे साडेतीनला दिसतो तोच ना?

नाही, आणि इथे नवीन मंडळी हमखास चुकतात. साडेतीनला मोबाइलवर जो दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. एनएसईवर वर्षानुवर्षं बंद भाव काढला जात आला तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, शेअरसंख्येनुसार भारित, सरासरी करून. एका मुलाने घाईने साडेतीनला ५०२ बघून ५०० च्या घरात फुली मारली. जाहीर झालेला बंद भाव निघाला ४९९.६०. चाळीस पैशांनी एक फुली, आणि त्या फुलीने एक इशारा. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ आहे: 'खूण रात्री जेवण झाल्यावर.'

घर किती रुपयांचं धरायचं? यात तर तुम्ही फारच मोठा बदल केलात ना?

हो. सगळ्यात मोठा बदल हाच, आणि सगळ्यात जास्त वादही यावरच झाला.

जुन्या अमेरिकी टप्प्यांत ५ डॉलरच्या खाली घर पाव डॉलरचं, ५ ते २० ला अर्ध्याचं, २० ते १०० ला एकाचं, त्यावर दोनाचं. काकांनी त्याच धर्तीवर रुपयांचे टप्पे बांधले: १०० पर्यंत १ रुपया, १०० ते २०० ला २, २०० ते ५०० ला ४, त्यावर १०. बरीच वर्षं सुरळीत चाललं.

जानेवारी २०१५ मध्ये बँक ऑफ बडोदाच्या शेअरचं विभाजन झालं, १० रुपये दर्शनी किमतीच्या एकाचे २ रुपयांचे पाच. बडोदेकरांसाठी हा घरचा शेअर. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये सुरू केलेली बँक, काकांची नोकरी तिथलीच, आणि आमच्या वह्यांत सगळ्यात जुना अखंड तक्ताही तिचाच. भाव हजाराच्या वर होता तो एका सकाळी दोनशेच्या घरात. अर्थात कुणाचं एक पैशाचंही नुकसान झालं नव्हतं, एकाचे पाच शेअर झाले होते. पण तक्त्याचं काय करायचं?

सोपं वाटतं: जुने सगळे भाव पाचाने भागा आणि परत काढा. मी तीन संध्याकाळी बसून काढलं. आणि मग लक्षात आलं की भाव भागले तरी तक्ता तोच राहत नाही. १०८० ला १० रुपयांचं घर म्हणजे साधारण ०.९ टक्के. तोच भाव भागून २१६ झाला की टप्पा बदलतो, घर ४ रुपयांचं होतं, म्हणजे जवळजवळ १.८५ टक्के. घर दुप्पट भरड. जुन्या कागदावर जे छोटे छोटे रकाने होते ते नव्या कागदावर गडप झाले. काकांनी २०१३ मध्ये ज्या इशाऱ्यावर शेअर घेतले होते, तो इशारा नव्या तक्त्यावर नव्हताच. दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते बराच वेळ जुन्या कागदावरच्या त्या फुलीवर बोट ठेवून बसले होते, आणि मग म्हणाले, "कंपनीने कागदाचे तुकडे केले, तर माझा निर्णय खोटा कसा ठरला?"

त्यातून टक्क्यांचं घर आलं. एक घर म्हणजे १ टक्का: १००, १०१, १०२.०१, १०३.०३ अशी शिडी. भाव दुप्पट व्हायला सत्तर पायऱ्या लागतात, मग तो १०० चा २०० होवो की १००० चा २०००. शेअरचं विभाजन झालं तर शिडीच्या बाजूचे आकडे तेवढे पाचाने भागायचे. फुल्या-गोळ्यांना हात लावावा लागत नाही, कारण गुणोत्तरं तीच राहतात.

दुसरं कारण निफ्टी. ३ नोव्हेंबर १९९५ ला पायाभूत मूल्य १०००. तिथे १० अंकांचं घर म्हणजे १ टक्का. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टीने २६००० ओलांडले. तिथे तेच १० अंक म्हणजे ०.०४ टक्के, निव्वळ खाज. दर काही वर्षांनी घर मोठं करत राहायचं, आणि दर वेळी जुना-नवा तक्ता जुळवत बसायचं, त्यापेक्षा टक्का बरा.

विरोधही योग्य होता. रुपयाचं घर डोक्यात मोजता येतं, टक्क्याचं येत नाही. शिडी छापून भिंतीला लावावी लागली. ज्यांचा हिशेब बोटांवर चालतो त्यांच्यासाठी तक्ता थोडा परका झाला, हे मी मान्य करतो.

टक्क्यांवर गेल्यावर बाकीचे नियम तसेच राहिले का?

नाही. एक नियम हलवला की त्याला बांधलेले दोन-तीन हलतात, आणि ते कुणी आधी सांगत नाही.

लक्ष्य, म्हणजे भाव कुठवर जाईल त्याचा अंदाज, मोजायची पद्धत घ्या. तळापासून उठलेल्या पहिल्या रकान्यातल्या फुल्या मोजायच्या, त्याला घराच्या किमतीने आणि पलटीच्या तीनाने गुणायचं, आणि तळाच्या भावात मिळवायचं. ५ रुपयांच्या घराने आठ फुल्या, तळ २००: आठ पाचे चाळीस, तिप्पट १२०, लक्ष्य ३२०. टक्क्याच्या शिडीवर ही बेरीज चालत नाही. तळापासून चोवीस पायऱ्या चढून बघावं लागतं. २०० वरून १ टक्क्याच्या चोवीस पायऱ्या म्हणजे साधारण २५४. आम्ही पहिले काही महिने रुपयांची बेरीज टक्क्यांच्या तक्त्यावर करत होतो आणि लक्ष्यं चुकतात म्हणून पद्धतीला नावं ठेवत होतो.

भावाचा कल बघायला काढतात त्या पंचेचाळीस अंशांच्या रेषेचंही तसंच. ती घरांच्या कोपऱ्यांतून तिरकी जाते, म्हणून कागदावर जशीच्या तशी काढता येते. पण आधी ती दर रकान्याला ठरावीक रुपये चढायची, आता ठरावीक टक्के चढते. दिसायला तीच, अर्थ वेगळा.

बाजाराचे कायदे बदलले की तक्त्याचे नियम बदलतात का?

काही वेळा. २००१ च्या आधी सौद्यांचा निपटारा आठवड्याच्या खात्याने व्हायचा. बीएसईचं (मुंबई शेअर बाजाराचं) खातं सोमवार ते शुक्रवार, एनएसईचं बुधवार ते मंगळवार. खातं संपताना उघडे सौदे मिटवायचे नाहीतर बदला करून (आकार देऊन) पुढच्या खात्यात ढकलायचे, त्यामुळे शेवटच्या दिवशी भाव विनाकारण ओढले जायचे. काकांचा नियम होता की खात्याच्या शेवटच्या दिवशी आलेला इशारा पेन्सिलीत ठेवायचा, पुढच्या खात्यात टिकला तर शाईत. २००१ मध्ये बदला बंद झाला, रोलिंग सेटलमेंट (प्रत्येक दिवसाच्या सौद्यांचा वेगळा निपटारा) आली आणि नियमाचं कारणच संपलं. तरी तो आमच्याकडे आणखी दोन वर्षं पाळला गेला! सवय झालेला नियम कारण गेल्यावरही घरात राहतो.

बाजाराची वेळ ४ जानेवारी २०१० ला ९:५५ वरून ९ वर आली, आणि १८ ऑक्टोबर २०१० पासून प्री-ओपन (सुरुवातीचा भाव ठरवायचं छोटं सत्र) सुरू होऊन नियमित सौदे ९:१५ ला. तासाच्या कँडलवर (दर तासाचे भाव दाखवणाऱ्या तक्त्यावर) काम करणाऱ्यांचे जुने हिशेब यामुळे विस्कटले. आमच्या तक्त्यात वेळच नाही, त्यामुळे आम्हाला काही करावं लागलं नाही.

जून २०२४ मध्ये एनएसईने २५० रुपयांखालच्या शेअरांचा किमान फरक ५ पैशांवरून १ पैशावर आणला. हे मात्र आमच्या कामाचं. ३ रुपयांच्या शेअरला ५ पैसे म्हणजे १.६७ टक्के, भाव हलला की एका उडीत घराहून जास्त. म्हणून १० रुपयांखालचे शेअर आम्ही तक्त्यावर घेतच नव्हतो. आता घेता येतील, पण घेतलेले नाहीत. तिथे अडचण फक्त पाच पैशांच्या उडीची नव्हती, उलाढालीचीही होती, आणि ती तशीच आहे.

हे फक्त याच पद्धतीत होतं का?

नाही. डाऊ यांच्या पद्धतीत कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या शेअरभावांच्या सरासरीने एकमेकींना दुजोरा द्यावा असा नियम. कारण सरळ: माल बनतो, आणि बनलेला माल वाहिला जातो. डाऊ यांच्या १८८४ च्या पहिल्या सरासरीत अकरापैकी नऊ शेअर रेल्वेचे होते. पुढे माल ट्रकने आणि विमानाने जायला लागला, आणि १९७० मध्ये रेल्वेची सरासरी 'वाहतूक' सरासरी झाली. कारण टिकावं म्हणून शब्द बदलला, हा चांगला बदल. आपल्याकडे रेल्वे सरकारची, तिची सरासरी काढणार कशी? म्हणून काही जण बँक निफ्टीचा (बँकांच्या शेअरांच्या निर्देशांकाचा) दुजोरा घेतात. तो उपयोगी असेलही, पण त्याला डाऊचा नियम म्हणू नये. त्यामागचं कारण वेगळं आहे.

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा आकडा) दिला: १४ दिवस, ७० वर जास्त खरेदी, ३० खाली जास्त विक्री. त्यांच्या सरासरीची रीत अशी की कालची सरासरी आणि आजचा फरक एवढं पुरतं, चौदा दिवसांची बेरीज रोज नव्याने करावी लागत नाही. हाताने हिशेब करणाऱ्यासाठी ही केवढी सोय! आता संगणक आहे, पण रीत तीच राहिली, आणि माझ्या मते राहायलाच हवी, नाहीतर तो आरएसआय राहत नाही. वाचायचा नियम मात्र बदलला. अँड्र्यू कार्डवेल यांनी दाखवलं की तेजीत आरएसआय साधारण ४० ते ८० मध्ये फिरतो आणि मंदीत २० ते ६० मध्ये, म्हणून ७० दिसलं की विकायचं हे तेजीत महागात पडतं. मोजमाप कायम ठेवून अर्थ सुधारला.

नियम बदलणं आणि नियम वाकवणं, यात फरक कसा ओळखायचा?

माझ्या अनुभवातून सांगतो. २०१७ मध्ये छोट्या कंपन्यांची तेजी जोरात होती. एका रसायन कंपनीचा शेअर तीन घरांच्या पलटीमुळे माझ्या हातून सुटला. इशारा येईपर्यंत भाव बराच वर गेला होता. त्याच रात्री मी माझ्या वहीत पलटी तीनवरून दोन घरांवर आणली. मागचं सगळं परत काढलं, आणि काय सुंदर दिसलं! जो शेअर सुटला तो सुटला नसता, आणखी दोनही मिळाले असते. मागच्या भावांवर मापाने शिवलेला कपडा मागच्या भावांना बसणारच. पुढच्या पाच महिन्यांत नऊ इशारे आले, त्यांतले सात फसले. २०१८ मध्ये छोटे शेअर घसरायला लागले तेव्हा मी परत तीनवर आलो, म्हणजे दुसऱ्यांदाही तोट्याच्याच दिवशी.

रविवारी मावशींनी वही मागितली. त्या पानावर मी फक्त 'पलटी २' असं लिहिलं होतं. तारीख होती, कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, "बाजारात काय बदललं होतं त्या दिवशी?" काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते माझं मन.

त्यानंतर गटात ठरलं ते असं. बदल सुचवणाऱ्याने कारण लेखी द्यायचं, आणि ते कारण एका सौद्याबाहेरचं हवं: भाव मिळण्याची रीत बदलली, बाजाराचा नियम बदलला, मोजणीतच चूक सापडली. मग जुना आणि नवा नियम शेजारी-शेजारी चालवायचे, किमान दहा शेअरांवर, प्रत्येकी वीस रकाने होईपर्यंत. दिवस नाही, रकाने. आपल्या तक्त्याला दिवस कळत नाहीत. या काळात पैसे जुन्याच नियमावर. मान्य झाला तर नवा नियम पुढच्या नव्या रकान्यापासून, चालू रकान्याच्या मध्ये कधीच नाही. जुना नियम खोडायचा नाही, त्यावर एक आडवी रेघ, शेजारी तारीख आणि सही.

जुने तक्ते नव्या नियमाने परत काढायचे का?

अभ्यासासाठी वेगळ्या कागदावर जरूर काढा. मूळ कागद बदलू नका. तो तक्ता म्हणजे तुम्ही त्या दिवशी काय बघत होतात याची साक्ष. २०१३ ची काकांची फुली जुन्या कागदावर आहे म्हणूनच त्यांचा निर्णय आज तपासता येतो.

दोन ॲपवर एकाच शेअरचा तक्ता वेगळा दिसतो. चूक कोणाची?

बहुधा कुणाचीच नाही. घराची किंमत, पलटी, बंद भाव की उच्चांक-नीचांक, विभाजन आणि बोनस धरून दुरुस्त केलेले भाव की मूळ, आणि तक्ता कुठल्या तारखेपासून सुरू केला, या पाच गोष्टी जुळवून बघा. शेवटची बरेच जण विसरतात. पहिली फुली वेगळ्या जागी पडली की पुढचे काही रकाने वेगळे पडू शकतात.

तुम्ही कुठले शेअर घ्यायचे ते सांगता का?

नाही. आम्ही कुणी सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेले सल्लागार नाही. तक्ता कसा काढायचा ते शिकवतो.

हाताने काढायचा आग्रह अजूनही का?

पहिले सहा महिने तरी. फुली मारताना हात थांबतो, आणि थांबला की डोळा मागचा रकाना बघतो. शिवाय नियम बदलायचा म्हणजे किती कागद परत काढावे लागतील हे हाताला माहीत असतं. पडद्यावर आकडा बदलायला एक क्षण लागतो, आणि मोह तिथेच शिरतो. रावपुऱ्यात चौकटीचे कागद अजून मिळतात.

सध्या कुठला नियम तपासणीवर आहे?

बंद भावाचाच. गटात महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणारी एक मुलगी येते. तिचं म्हणणं असं की उच्चांक आधी की नीचांक हे पेपर सांगत नव्हता म्हणून सगळी तोड काढावी लागली. आता मिनिटामिनिटाचे भाव मिळतात, तर दिवसातून एकच आकडा का घ्यायचा? तिने दर पंधरा मिनिटांच्या शेवटच्या भावावर तक्ते सुरू केले आहेत. दुपारी तुटलेल्या पातळ्या त्यात दिसतात, आणि २०१२ सारखा क्षणाचा घाव बराचसा गळतो, पण पूर्ण गळत नाही. काकांची हरकत वेगळी: रात्री जेवण झाल्यावर एक खूण करणाऱ्या माणसाने दिवसात पंचवीस वेळा बघायला लागायचं का?

दहापैकी सहा शेअरांचे वीस रकाने भरले आहेत. बँक ऑफ बडोदाचे चौदा झाले आहेत, तेव्हा तो निकाल अजून लांब आहे. तोवर तिचे तक्ते पेन्सिलीत, वहीच्या मागच्या बाजूने.